फोनवरचं जागरण फिकं, जुन्या टेपवरची मैफल मात्र अंगावर काटा आणते. असं का होतं?

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आली की नाशिकजवळच्या ओझरमध्ये खंडेराव महाराजांची यात्रा भरते. बारागाडे ओढले जातात, भंडाऱ्याने रस्ता पिवळा होतो. निफाड तालुक्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते एचएएलच्या विमान कारखान्यामुळे. लोक आजही त्याला 'ओझर मिग' म्हणतात. यात्रेच्या दिवसांत मात्र इथे खंडोबाचं राज्य असतं, आणि खंडोबा म्हटलं की जागरण आलंच.

जागरण म्हणजे वाघ्या-मुरळीचं रात्रीचं गाणं. चौक भरलेला, दिवटी पेटलेली, दिमडी, तुणतुणं आणि मुरळीच्या हातातली घाटी. वाघ्या वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्याने पहिली हाक घालतो आणि समोर बसलेल्यांचे हात आपोआप खिशाकडे जातात. फोन वर होतात, रेकॉर्डिंग सुरू.

दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ लावून बघा. चेहरा स्पष्ट आहे, शब्द कळतात, आवाजही खणखणीत आहे. पण रात्री अंगावर आलेला काटा पुन्हा काही येत नाही.

आता उलटं उदाहरण. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या मैफलीची टेप घ्या, पंडित भीमसेन जोशींची किंवा कुमार गंधर्वांची. खरखर आहे, तबला लांबून येतोय, मध्येच कोणीतरी खोकतंय. तरीही ऐकणारा गप्प होतो. घरात जुन्या कॅसेट असलेल्या अनेकांनी हे अनुभवलं असेल.

वाईट यंत्रावरचं गाणं भिडतं आणि चांगल्या यंत्रावरचं भिडत नाही, हे कोडं जरा सोडवून बघूया.

आधी स्पेनची एक गोष्ट

समोर बसून ऐकलेल्या गाण्यात जे 'काहीतरी' असतं, त्याला स्पेनमधल्या फ्लामेंको गायकांनी एक नाव दिलंय, 'दुएंदे'. शब्दशः अर्थ घरातलं भूत किंवा पिशाच्च. आपल्याकडे गाणाऱ्याच्या किंवा देवाचं करणाऱ्याच्या 'अंगात आलं' म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारा हा शब्द.

कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी १९३३ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स इथे या दुएंदेवर व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी पास्तोरा पावोन या गायिकेचा किस्सा सांगितला. कादिस शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात ती गात होती. सूर पक्का, गळा तयार, सगळं जागच्या जागी. ऐकणारे मात्र ढिम्म. त्यातल्या एकाने खोचक शेरा मारला, तशी ती उठली, कडक दारूचा पेला एका घोटात संपवला आणि जळत्या घशाने पुन्हा गायला बसली. आवाज फाटलेला, श्वास पुरत नव्हता. आणि आता समोरचे लोक वेडे झाले.

किस्सा थोडा रंगवलेला असू शकतो, लोर्का कवी होते. त्यातून एक गोष्ट मात्र नीट कळते. गाणं भिडण्यासाठी आवाज स्वच्छ असावाच लागतो असं नाही, आणि ऐकणारे कसे आहेत यावर गाणारा बदलतो. फ्लामेंकोत ऐकणाऱ्यांच्या आरोळ्यांना आणि टाळ्यांना 'खालेओ' असं वेगळं नाव आहे. 'ओले' ही आरोळी त्यातलीच. जागरणातला 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर आणि मैफलीतलं 'क्या बात है' हेही तेच काम करतात. दाद मिळाली की गाणारा तीच जागा पुन्हा घेतो, वाढवतो, धाडस करतो. नाही मिळाली की आवरतं घेतो.

म्हणून कामारोन दे ला इस्ला या फ्लामेंको गायकाचे चाहते त्याच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डइतकंच 'पॅरिस १९८७' हे रेकॉर्डिंग जपतात. पॅरिसमधल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचं हे मुद्रण बाजारात आलं १९९९ मध्ये. कामारोन १९९२ मध्येच गेला होता.

तीन मिनिटांत काय मावतं?

आता आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात यंत्र घेऊन आले आणि भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं. मायक्रोफोन अजून यायचा होता. गाणाऱ्याने एका भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, त्या कंपनाने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. त्या पहिल्या फेरीत गायलेल्या गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. कारण साधं होतं. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुठलं मेण कोणाचं हे कळायला हवं होतं.

या तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं.

ख्यालासाठी हा वेळ किती अपुरा आहे, याचा साधा हिशोब मांडता येतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पूर्ण व्हायला अनेकदा पाऊण मिनिट लागतं, संथ गाणाऱ्यांकडे त्याहून जास्त. म्हणजे तीन मिनिटांत समेवर चार वेळा आलं की तबकडी संपली. मैफलीत जो राग तासभर उलगडतो, त्याचा हा पोस्टकार्डावरचा मजकूर. म्हणून त्या काळच्या बहुतेक तबकड्यांवर गायक थेट मध्यलयीत किंवा द्रुत लयीत शिरताना दिसतात.

नाट्यसंगीताचंही तेच. बालगंधर्वांच्या प्रयोगांत एकेका पदाला किती 'वन्समोअर' मिळायचे याच्या आठवणी मराठी माणसांनी पिढ्यानपिढ्या सांगितल्या. तबकडीवर वन्समोअर नसतो. प्रेक्षकांनी मागितल्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ते पद कसं बदलायचं, हे ऐकलेली माणसं गेली आणि ते ऐकणंही गेलं.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि हळू आवाजातलं गाणंही टिपता येऊ लागलं. पण वेळेची अडचण सुटायला १९४८ मध्ये आलेल्या एलपी तबकडीची आणि त्याहीपेक्षा चुंबकीय टेपची वाट बघावी लागली.

इथे एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगायला हवा. तीन मिनिटांची तबकडी निर्जीव असते असं अजिबात नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली एक ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक मुलगा इतका हलला की असं गाणं शिकायला तो घरातून पळाला. साल होतं १९३३, मुलाचं वय ११, नाव भीमसेन जोशी. समोर ना मैफल, ना श्रोते, कोणाची दाद नाही. फक्त एक तबकडी.

मग ती कशी भिडली? याचा एक भाग त्या काळच्या तंत्रात आहे. मेणावर रेघ उमटायला लागली की ती पुसता येत नव्हती. चूक झाली तर मेण टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून गायचं. साथीदार त्याच खोलीत, त्याच क्षणी वाजवत असत. म्हणजे आपण ज्याला आज 'स्टुडिओ रेकॉर्ड' म्हणतो, ते तेव्हा सलग एका दमात केलेलं सादरीकरणच होतं. आजच्या स्टुडिओत गायक कानाला हेडफोन लावून एकटा गातो, एकेक ओळ वेगळी घेतली जाते, सूर संगणकावर सरळ केला जातो. चित्रपटगीतासाठी हे उत्तमच आहे. पण पुढच्या जागेवर आपण पडू शकतो ही गाणाऱ्याच्या पोटातली भीती त्यात उरत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ती जाणवत नाही.

समेची वाट बघताना डोक्यात काय होतं?

ही भीती आणि वाट बघणं महत्त्वाचं का, याचं थोडं उत्तर मेंदूविज्ञानात मिळतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगीत ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो अशा लोकांच्या मेंदूचं त्यांनी चित्रण केलं. दिसलं असं की, सुखाशी जोडलेलं डोपामाइन हे रसायन आवडती जागा येते तेव्हा तर स्रवतंच, पण ती येणार आहे म्हणून माणूस वाट बघत असतो तेव्हाही मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवतं.

तो अभ्यास काही ख्यालावर नव्हता. पण ज्याने एकदा तरी मैफलीत समेची वाट पाहिलीय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गायक तान घेत लांब जातो, मात्रा संपत येतात, 'आता कसा येणार परत' म्हणून सगळं सभागृह श्वास धरतं, आणि तो अचूक समेवर उतरतो. पन्नास माणसांच्या तोंडून एकाच वेळी 'आहा' निघतं.

जुन्या टेपवर तो 'आहा' असतो. त्याच्या आधीची दहा मिनिटंही असतात. फोनवरच्या क्लिपमध्ये बहुतेक वेळा फक्त तान असते, तीस सेकंदांची. वाट बघायला वेळच मिळालेला नसतो.

फोन नेमकं काय करतो?

आता यंत्राकडे वळू, कारण सगळा दोष तीस सेकंदांच्या क्लिपवर ढकलून चालणार नाही. पूर्ण जागरण फोनवर घेतलं तरी ते सपाट वाटतं. त्यामागे तीन-चार कारणं आहेत.

फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. तुम्ही कुजबुजलात काय किंवा ओरडलात काय, समोरच्याला सारखंच ऐकू यावं, हे त्याचं काम. त्यासाठी फोन आपोआप हळू आवाज वाढवतो आणि मोठा आवाज दाबतो. ओझरच्या लोकांना हे सोपं करून सांगायचं तर, डोक्यावरून जाणारं लढाऊ विमान आणि ओट्यावरच्या गप्पा एकाच पातळीवर आणायचा हा प्रयत्न आहे. गाण्यात मात्र हा चढउतारच सगळं काही असतो. वाघ्या आधी गुणगुणतो, मग हाक घालतो, आणि ती हाक छातीवर येते कारण त्याआधीचं गुणगुणणं हळू होतं. फोनने दोन्ही सारखं करून टाकलं की हाक कसली उरतेय.

दुसरं, आवाज फार मोठा झाला की फोनला तो मोजता येत नाही आणि ध्वनिलहरीचं टोक कापलं जातं. यालाच आपण 'आवाज फाटला' म्हणतो. लाउडस्पीकरच्या पुढ्यात उभं राहून केलेले व्हिडिओ हमखास असे असतात. त्यात गंमत अशी की फोन तेव्हा गायकाचा गळा टिपतच नसतो, स्पीकरचा पत्रा टिपत असतो.

तिसरं कारण सगळ्यात नामी. अनेक फोन आणि कॉलिंग ॲप सतत एकसारखा येणारा आवाज गोंगाट समजून काढून टाकतात. पंख्याची घरघर, इंजिनाचा आवाज वगैरे. आता सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे आपल्या संगीतात काय? तानपुरा. कोविडच्या काळात ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांना याचा त्रास झाला. इकडे तानपुरा सुरू, तिकडे शिष्याला ऐकूच येत नाही. ज्या षड्जावर गाणं उभं आहे, तोच यंत्राने कचरा म्हणून पुसलेला.

वर तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गेला की फाइल लहान करण्यासाठी त्यातला आणखी तपशील जातो. चार ग्रुप फिरून आलेलं जागरण म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

जुन्या स्पूल टेपवर खरखर असायची, त्यामुळे फार हळू आवाज तिच्यात बुडायचे. पण रेकॉर्ड करणारा माणूस सहसा सुरुवातीला एकदा पातळी ठरवायचा आणि मग बटणाला हात लावायचा नाही. गाण्याचा चढउतार जसाच्या तसा राहायचा. मायक्रोफोन गायकापासून थोडा दूर ठेवलेला असला तर खोलीचा घुमारा, बाजाची पेटी, पहिल्या रांगेतली कुजबुज हेही येऊन बसायचं. ऐकताना आपण त्या खोलीत जाऊन बसतो, ते यामुळे.

त्या यंत्रालाही मर्यादा होत्याच. बाराशे फूट लांबीचं स्पूल सेकंदाला साडेसात इंच या वेगाने चालवलं तर ३२ मिनिटांत संपायचं. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटं, पण आवाजाचा दर्जा उतरायचा. त्यामुळे अनेक अमूल्य मैफलींच्या टेपवर राग ऐन रंगात आला असताना खट्ट करून आवाज तुटतो. स्पूल बदलायला लागलेली ती दोन मिनिटं गेली ती गेलीच.

नाशिकच्या पलुस्करांचं काय उरलं?

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, याचं उदाहरण नाशिकमध्येच आहे. गांधर्व महाविद्यालयाची लाहोरला १९०१ मध्ये स्थापना करणारे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात नाशिकला राहिले. तिथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. १९३१ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास अशा वडिलांच्याच शिष्यांकडे शिकला आणि पंडित डी. व्ही. पलुस्कर, म्हणजे बापूराव पलुस्कर, या नावाने देशभर पोहोचला. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबतची त्यांची जुगलबंदी आजही लोक शोधून ऐकतात.

ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने त्यांचं निधन झालं. वय अवघं ३४.

त्यांची पहिली तबकडी १९४४ मधली. म्हणजे रेकॉर्डिंगसाठी मिळालेला काळ अकरा वर्षांचा, आणि त्यातला मोठा भाग तीन मिनिटांच्या तबकड्यांचा. त्या तबकड्यांवरची भजनं घराघरात गेली आणि त्यांचं नाव त्यांनीच टिकवलं. पण बापूराव ख्याल कसा मांडत, रागाचं पाऊल कसं टाकत, श्रोते समोर असताना कुठे थांबत, हे कळतं ते मैफली आणि आकाशवाणीच्या लांब ध्वनिमुद्रणांमधून. ती मोजकी आहेत. तेव्हा कोणीतरी यंत्र चालू ठेवलं नसतं तर आज बापूराव पलुस्कर म्हणजे 'गोड भजनं गाणारे' एवढीच ओळख शिल्लक राहिली असती.

ज्यांच्या बाबतीत तेवढंही झालं नाही, त्यांची यादी अस्वस्थ करणारी आहे. पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे, बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. तबकड्या तेव्हा वीस वर्षं बाजारात होत्या, तरी बुवांच्या आवाजाचं एकही मुद्रण नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर आणि मुंबईत राहिले, १९४६ पर्यंत होते. त्यांचीही तबकडी नाही. ते कसे गात, हे आपण त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून आणि लोकांच्या आठवणींवरून ताडायचं.

यामागे नुसती हलगर्जी नव्हती. तबकडीवर विद्या दिली की ती कोणीही चोरेल, तीन मिनिटांत गाणं म्हणजे गाण्याची थट्टा, आपण कुठल्याही चहाच्या दुकानात वाजणार, असे कितीतरी आक्षेप त्या पिढीच्या मनात होते. खाँसाहेबांच्याच शिष्या, गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, पण रेडिओवर गाणं टाळलं. आपलं गाणं कुठे आणि कोणासमोर वाजणार यावर आपला ताबा हवा, हा त्यांचा हट्ट आजच्या काळात उलट जास्त पटतो. नियतीचा विनोद असा की १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या आवाजांची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ उडालं, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. रेडिओ टाळणाऱ्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या पल्याड आहे.

कपाटातल्या टेप सडतायत

मैफलींची बरीचशी ध्वनिमुद्रणं कंपन्यांनी केलेली नाहीत. रसिकांनी केली. ज्यांच्याकडे पन्नास-साठच्या दशकात टेपरेकॉर्डर होता असे डॉक्टर, वकील, व्यापारी, गायकाला घरी उतरवून घेणारे यजमान. त्यांच्या कपाटांत हा खजिना पडून आहे आणि तो टिकाऊ नाही.

जुन्या ॲसिटेट टेपचं रसायन बिघडलं की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागतो. ती आकसते, तडकते. नंतरच्या काही टेपवरचा चुंबकीय थर चिकट होऊन यंत्राच्या डोक्याला लागतो. आपल्याकडची पावसाळी हवा तर बुरशीचं माहेरघर. असा वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर उत्साहाच्या भरात ती टेप लगेच लावून बघू नये. तो एकच फेरा शेवटचा ठरू शकतो.

डिजिटल करतानाही एक मोठी चूक होते. मूळ टेप ज्या वेगाने भरली त्याच वेगाने वाजवली नाही तर सूर बदलतो. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर गाणं अर्ध्या स्वराने चढतं, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गायला लागतो. आवाज थोडा पातळ, तान थोडी जलद. मग 'काय तयारी होती त्यांची' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला काही वाटा मोटारीचा असतो! इंटरनेटवरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हा घोळ सर्रास सापडतो.

संस्था काहीच करत नाहीत असं नाही. मुंबईच्या एनसीपीएकडे संग्रह आहे, आकाशवाणीचा स्वतःचा आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये सुरू केलेलं संगीताचं ध्वनिसंग्रहालय गुरुग्राममध्ये आहे. त्याच्या उभारणीत संगीतज्ज्ञ अशोक दा. रानडे यांचा वाटा होता. स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताने तर एक पाऊल पुढे टाकलं. गुत्त्यातल्या त्या किस्स्यातल्या पास्तोरा पावोन यांचा ध्वनिमुद्रित आवाज १९९० च्या दशकात सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाला. एखादा किल्ला किंवा देऊळ संरक्षित करावं तसा.

वाघ्या-मुरळीच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. शास्त्रीय गायकाची टेप निदान एखाद्या रसिकाच्या कपाटात असते. जागरणाच्या कॅसेट निघाल्या, खपल्या, पण त्या स्टुडिओत बसवलेल्या, तासाभरात आटोपलेल्या. गावातलं, रात्रभराचं, समोरच्या भक्तांच्या हाकेला उत्तर देत वाढत जाणारं जागरण रेकॉर्ड करायची गरज फार थोड्यांना वाटली. आणि आता रात्रच लहान झालीय. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं. आजारी माणसाच्या, परीक्षेच्या पोराच्या बाजूने बघितलं तर नियम योग्यच. पण १९५३ पासून पुण्यात होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या, एकेकाळी रात्र रात्र रंगणाऱ्या मैफलींचं वेळापत्रक त्याने बदललं. पहाटेचा राग पहाटेच, रात्रभर जागलेल्या गळ्याने गायलेला ऐकायचा तर आता बऱ्याचदा जुनी टेपच गाठावी लागते.

मग तुमच्या फोनवर नीट कसं घ्यायचं?

आधी कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना 'सादरकर्त्याचा हक्क' मिळाला. तो सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं ऐकायला केलेलं रेकॉर्डिंग चालतं, पण कलाकाराला न विचारता ते यूट्यूबवर टाकून पैसे कमावणं चालत नाही. हा हक्क तिकीट लावून गाणाऱ्या पंडितांना जितका आहे तितकाच बिदागीवर येणाऱ्या वाघ्यालाही आहे. तेव्हा आधी विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

मग फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कोणाचा तरी कॉल येणार. व्हिडिओचा मोह सोडून ध्वनिमुद्रणाचं ॲप वापरा. त्यात आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट काढणारी सोय बंद करता येत असेल तर बंद करा. पातळी कमीच ठेवा. हळू झालेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. फोन स्पीकरपासून लांब, गाणाऱ्यापासून आठ-दहा फुटांवर, बसलेल्या लोकांच्या पुढच्या रांगेत ठेवा. हातात धरू नका, बोटांची खसखस येते. गाणं सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सुरू करा आणि मध्ये बंद करू नका. दिमडी शेकून ताणली जाते, तुणतुण्याची तार लावली जाते, कोणीतरी चहा विचारतं, तेही येऊ द्या. पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल दाबली जात नाही. एक प्रत दुसरीकडे कुठेतरी ठेवाच.

आणि बटण दाबल्यावर सगळ्यात आधी स्वतःच्या आवाजात गाव, तारीख, वाघ्याचं नाव, मुरळीचं नाव, दिमडी कोणाची, तुणतुणं कोणाचं, हे बोलून ठेवा. फाइलचं नाव बदलतं, फोन हरवतो, पण आवाजात बोललेलं नाव गाण्यासोबत राहतं. गौहर जान १९०२ मध्ये हेच करत होत्या.